तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
माननीय वार्धक्य महोदय,
मुक्काम : आमच्याच घरी

विषय : आपल्याविरुद्धच्या तक्रारी मागे घेऊन आभार मानण्याबाबत.

महोदय,

आपण चोरपावलांनी येता, ही आमची पहिली तक्रार. ती खोटी आहे. डोळ्यातल्या भिंगाचा लवचीकपणा लहानपणापासूनच कमी होत असतो. वर्तमानपत्र हात लांब करून वाचायची वेळ आली की आम्हाला त्याचा पत्ता लागतो, इतकंच. मराठीने आपल्या या नोटिशीची रीतसर नोंदही केली आहे : ते वय म्हणजे चाळिशी आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्मा म्हणजेही चाळिशी. केसांचंही तसंच. आंबा पिकतो आणि केसही पिकतात, क्रियापद एकच. आंब्यासाठी आम्ही कौतुकाने अढी घालतो आणि केसांसाठी कलप शोधतो, यात आपला काय दोष?

दुसरा आरोप बुद्धीचा. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीला यमकाखेरीज फारसा आधार नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते. महाराष्ट्र सरकारचे बहुतेक कर्मचारी नेमक्या याच वयात शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात. कर्वे एखादेच, असं कुणी म्हणेल. कबूल, पण विद्यापीठ काढणारा पंचविशीतही एखादाच असतो. तुम्हाआम्हा सामान्यांचं म्हणाल तर वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो हे खरं, मात्र शब्दसंग्रह साठीतही चांगला टिकतो, असं मानसशास्त्राच्या चाचण्या सांगतात. म्हणूनच आजोबांना शेजाऱ्याचं नाव चटकन आठवत नाही, पण त्याला शोभणारं विशेषण लगेच सापडतं.

आता आभाराचं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं, आज ते सत्तरच्या आसपास आहे. तेव्हाही म्हातारी माणसं होतीच. पाळण्यातच दगावणाऱ्या मुलांमुळे सरासरी एवढी खाली जात असे. पण त्यातूनच कळतं, की आपली भेट होणं हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. लस, स्वच्छ पाणी, सुइणीचे आणि डॉक्टरांचे हात अशा कितीतरी शिफारशींवर ती मिळते. आपल्या जुन्या माणसांना हे उमगलं होतं. म्हणून एक्याऐंशीच्या आसपास ते सहस्रचंद्रदर्शन करतात. किती दात पडले ते तिथे कुणी मोजत नाही, हजार पौर्णिमा पाहिल्या हे मोजतात.

यावर एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कृतज्ञता हे पेन्शनवाल्यांचे चोचले. ज्याच्या हातात औषधाला पैसे नाहीत त्याने कसले आभार मानायचे? बरोबर आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयाच्या गरिबासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये ठरला आहे. रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये बंद केली. पण महोदय, हे निर्णय आपण घेतलेले नाहीत. हाल गरिबीने आणि अनास्थेने होतात, आणि बदनाम आपण होता. तक्रार खरी आहे, पत्ता चुकला आहे. कृतज्ञता म्हणजे मुकाट सोसणं नव्हे. आयुष्य मिळालं म्हणून आभार मानणारा माणूसच ते नीट जगता यावं म्हणून सरकारदरबारी भांडू शकतो, आणि विनोदबुद्धी शाबूत असेल तर जास्त दिवस भांडतो.

सबब आपल्यावरचे सर्व आरोप मागे घेत आहोत. पुढील अर्ज योग्य त्या कार्यालयांकडे जातील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
चाळिशी लागलेले समस्त

ता. क. : गुडघ्यांबाबतची तक्रार मात्र कायम आहे. सुनावणी तळमजल्यावर ठेवावी, ही विनंती.