दर्यासारंग, मुक्काम पोस्ट मिशिगन

मिशिगनमधल्या मराठी माणसाला पाण्याची ओढ लागते ती भर हिवाळ्यात. बाहेर गुडघाभर बर्फ असतो, गोठलेल्या तळ्यांवर तंबू ठोकून लोक बर्फाला भोकं पाडत मासे धरत असतात, आणि हे गृहस्थ डेट्रॉइटच्या बोट शोमध्ये जाडजूड जाकीट काखेत मारून एका चकचकीत बोटीच्या चाकामागे बसलेले असतात. पायात नुसते मोजे. शोमधल्या बोटीत चढताना बूट बाहेर काढायला लावतात, आणि एवढ्या एका गोष्टीवरून हा धंदा सुसंस्कृत माणसांचा असल्याची त्यांची खात्री पटते.

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असा एक तरी असतो. आमच्याकडच्या नमुन्याला आम्ही दर्यासारंग म्हणतो. जन्म सदाशिव पेठेतला, पोहणं टिळक टँकवरचं, आणि नौकानयनाचा पूर्वानुभव म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर अर्धा तास, तोही वल्ही नावाड्याच्या हातात असताना. गेली वीस वर्षं ते एका मोटार कंपनीत गाड्यांच्या दारांच्या लॅचवर काम करतात. घर झालं, मागचं डेक झालं, बेसमेंट झालं, त्यात बार झाला, बारमध्ये कोकम सरबत आणि लिंबाचं लोणचं ठेवूनही झालं. आता पैसे बुडवायला रीतसर जागा हवी, तर राज्यात अकरा हजारांवर तळी आहेत.

मूळ मागणी साधी होती. शनिवारी सकाळी निघावं, दिवसभर पाण्यावर राहावं, पोरांनी बोटीमागे बांधलेल्या ट्यूबवर बसून किंचाळावं, संध्याकाळी वरणभाताला घरी यावं. एवढ्यासाठी लागणारी बोट महिन्याभरात ठरायला हरकत नव्हती. पण दर्यासारंगांना कुठलीही वस्तू वापरण्यापेक्षा तिची चौकशी करण्यात अधिक रस. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता उघडला आणि त्याला ‘आरमार’ असं नाव दिलं. मार्चपर्यंत तो ‘आरमार_अंतिम_7’ झाला होता. कुणाच्या घरी मुंजीला गेलो तरी ते आम्हाला कोपऱ्यात गाठून बोटीच्या तळाचा कोन समजावून सांगत.

पहिलं मन बसलं ते वेक बोटीवर. या बोटीच्या पोटात टाक्या असतात. पंप लावून तळ्याचंच पाणी त्यांत भरायचं, बोट मुद्दाम जड करून मागून दाबायची, म्हणजे मागे अशी लाट उठते की दोरी सोडून नुसत्या फळीवर तरंगत येता येतं. नव्या बोटीची किंमत लाख डॉलरच्या पलीकडे सहज जाणारी.

“जगभर लोक बोटीतलं पाणी बाहेर काढतात,” वहिनी म्हणाल्या, “आणि तू पैसे देऊन आत भरणार?”

फळीवर उभं कोण राहणार, या रकान्यात दर्यासारंगांनी ‘मी’ असं लिहिलं होतं. त्यांचा डावा गुडघा गेल्या नवरात्रातल्या गरब्यापासून जिना उतरताना वाजतो.

पहिली बोट घेणारा माणूस ती स्वतःसाठी घेतच नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या उन्हाळ्यात आपण जो होणार आहोत, त्या गृहस्थासाठी तो ती घेतो. तो गृहस्थ सडपातळ असतो, पहाटे पाचला उठतो, त्याला दोरीच्या सगळ्या गाठी येतात आणि त्याच्या ओळखीचे लोकही वेगळेच असतात. खऱ्या कुटुंबाला काय हवं आहे हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आठवड्यात उलगडा झाला असता. वहिनींना सावली आणि टॉयलेट हवं होतं, मुलांना वेग, आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या आजीआजोबांना चढताउतरताना धरायला काहीतरी.

मग आली बो-रायडर. एकवीस फुटी, इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ, नाकाडात बसायला जागा. तक्त्यात हिला सर्वांत जास्त गुण. पण इंजिन आत असावं की बाहेर, यावर एप्रिल गेला. आतल्या इंजिनाच्या खोलीत पेट्रोलची वाफ साठते, म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा चालवून ती बाहेर काढावी लागते. शिवाय हिवाळ्याआधी त्यातलं पाणी पूर्ण काढलं नाही, तर ते गोठून ब्लॉकला तडा जातो. बाहेरचं इंजिन सरळ उभं ठेवलं की आपोआप रिकामं होतं, पण पोरांना जिथून उडी मारायची तिथेच ते ठाण मांडून बसतं. जेट बोटीला उघडा पंखाच नाही, म्हणून मुलांसाठी ती बरी वाटली; पण थ्रॉटल सोडला की तिला वळवणंही जवळजवळ सुटतं. धक्क्याजवळ आल्यावर नवशिक्याचा हात नेमका थ्रॉटलवरूनच निघतो. जेट गेली.

जुन्या बोटी पाहण्याचाही एक हंगाम झाला. इथल्या जाहिरातीत ‘कायम गोड्या पाण्यात’ हे शब्द ठळक असतात, कारण मीठ इंजिनाला आतून खातं. दर्यासारंग बोटीच्या मागच्या भिंतीवर, जिथे इंजिन टांगतात तिथे, मंडईत नारळ वाजवून घ्यावा तसे बोटाच्या पेरांनी टकटक करत. आतलं लाकूड ओलं असेल तर आवाज बद्द येतो, हे खरंच आहे. मात्र ते चांगल्या बोटींनाही मान हलवून नाकारत, आणि विकणारा बिचारा काय चुकलं म्हणून स्वतःही टकटक करून पाहत राही.

मे महिन्यात कळलं की बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून वजन चार हजार पौंडांच्या पुढे जातं, आणि घरची मिनीव्हॅन ओढते जास्तीत जास्त साडेतीन हजार. वीस वर्षं मोटार कंपनीत काढलेल्या माणसाला आपल्याच दारातल्या गाडीची ताकद माहीत नव्हती. बोटीच्या खर्चात पिकअप ट्रक आला. तो मात्र एका दिवसात ठरला, कारण त्यावर कर्मचाऱ्यांना सवलत होती आणि सवलतीपुढे तक्ता चालत नाही.

शेवटी वहिनींनी सूत्रं हातात घेतली आणि पाँटून पाहायला गेल्या. लांबलचक नळकांड्यांवर सपाट जमीन, चारी बाजूंनी कठडा, दार, सोफे, वर कापडी छत, आणि कोपऱ्यात पडदा ओढला की पोर्टेबल टॉयलेट. 1952 साली मिनेसोटातल्या अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्यानं लोखंडी पिंपं ओळीनं जोडून त्यावर फळ्या ठोकल्या, तिथून हा वंश सुरू झाला. त्याच मिनेसोटात 1922 साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं पायाला फळ्या बांधून वॉटर स्कीइंग सुरू केलं होतं. एकानं माणसाला पाण्यावर उभं केलं, तीस वर्षांनी दुसऱ्यानं त्याला परत खाली बसवलं. वहिनी दुसऱ्या पक्षाच्या.

दर्यासारंगांना ही बोट म्हाताऱ्यांची वाटत होती. मग विक्रेत्यानं तीन नळकांड्यांची ट्रायटून दाखवली. मागे दीडशे अश्वशक्तीचं इंजिन असलं की ती ट्यूब तर ओढतेच, स्कीवाल्यालाही उठवते. तीन वर्षं वापरलेली, चोवीस फुटी, जुलैच्या मध्यावर घरी आली. अर्धा उन्हाळा संपला होता.

मग कायदा आडवा आला. मिशिगनमध्ये 30 जून 1996 नंतर जन्मलेल्यानं मोटरबोट चालवायची, तर सुरक्षिततेची परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी लागते. त्याआधी जन्मलेल्यांना सूट. म्हणजे पंधरा वर्षांच्या कन्येनं अभ्यास करून प्रमाणपत्र मिळवायचं, आणि वेण्णा लेकवर अर्धा तास बसलेल्या तिच्या बाबांनी तसंच चाक हातात घ्यायचं. कन्या पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हापासून त्या घरातली समुद्रविषयक चर्चा मुळातच बदलली.

कॅस लेकवर डॉज नंबर 4 स्टेट पार्कच्या रॅम्पवर पहिल्यांदा बोट उतरवायला आम्ही दोनतीन कुटुंबं गेलो होतो. ट्रेलर उलटा नेताना चाक डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो, हे तक्त्यात लिहिलेलं होतं. मागे वाट पाहणाऱ्या सात गाड्यांचा रकाना नव्हता. वहिनी हातांनी खुणा करत होत्या, आम्ही मित्रमंडळी वेगळ्या खुणा करत होतो. अखेर मागचा एक म्हातारा उतरला, “मे आय?” म्हणाला आणि एका दमात बोट पाण्यात ठेवून निघून गेला. दर्यासारंगांनी त्याला घरचा चिवडा दिला.

पाण्यावर आल्यावर दुसरी अडचण. सव्वीस फुटांखालच्या बोटीत, वेगानं जाताना, चालकानं इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची, असा 2021 पासून देशभर नियम आहे. माणूस पाण्यात पडला तर बोट त्याला सोडून जाऊ नये म्हणून. डबे होते बोटीच्या दुसऱ्या टोकाला. वहिनींनी बटाटेवड्यांचं झाकण उघडलं की कप्तान नकळत उठत, दोरी निसटे, आणि दीडशे अश्वशक्ती एकदम गप्प होई. मागे ट्यूबवर बसलेला चिरंजीव वेग संपून पाण्यात हळूच मावळे आणि तिथून बाबांना हाका मारी.

चौथ्यांदा असं झाल्यावर कन्येनं चाक घेतलं. दर्यासारंग वडा खात मागच्या सोफ्यावर आले, चोवीस फूट जरा अपुरेच पडतात असं आम्हाला म्हणाले आणि उभे राहून ट्यूबकडे बघत चिरंजिवांना सूचना द्यायला लागले.

“बाबा, खाली बस,” पुढून आवाज आला. “ओढताना मागे बघायला एक माणूस लागतो, तो आई आहे. तुझं काही काम नाहीये.”