आंग्ल वाक्प्रचारांचे सुलभ अध्ययन : तोंडवलीकरांच्या उपयोगार्थ

आर्मेनियन मनुष्यास इंग्रजी वाक्प्रचार जड जातात, आणि त्यात नवल मानण्याचे कारण नाही. कारण ज्या भाषेतील कितीएक वाक्प्रचार गलबतांवर जन्मास आले, ती भाषा समुद्रकिनारा नसलेल्या मुलखातील इसमाने शिकावयाची म्हणजे पुष्कळसा मजकूर केवळ श्रद्धेवर स्वीकारावा लागतो. कटकट करणाऱ्यास 'माझे डोके इस्त्री करू नकोस' असे बजावण्याची सोय त्याच्या मायबोलीत आहे, व आपल्या 'डोके खाऊ नकोस'पेक्षा ती अधिक टापटिपीची आहे हेही मान्य केले पाहिजे. परंतु इस्त्रीच्या बळावर समुद्र तरून जाता येत नाही.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील तोंडवलीकराची अडचण नेमकी उलट आहे. त्याला समुद्र इतका ठाऊक आहे की समुद्राविषयी इंग्रजांनी केलेली विधाने त्याला पटतच नाहीत. तथापि 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढे तोंडवली-वायंगणीच्या जमिनीवर 'सी वर्ल्ड' नामक प्रकल्पाची घोषणा होऊन शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या जिभेवरही 'सर्व्हे' आणि 'प्रोजेक्ट' हे शब्द रुळले, आणि आता ज्याच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत तो निवास-न्याहारीची पाटी लावून बसला आहे. अशा परिस्थितीत पाहुण्याचे बोलणे समजून घेण्याची काही तजवीज करणे क्रमप्राप्तच होय.

अध्ययनास जून व जुलै हे दोन महिने सर्वोत्तम. मासेमारीस सरकारी बंदी असते, पाहुणा फिरकत नाही, आणि होड्या वर वाळूत ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. येथेच पहिला पाठ घ्यावा. होडी अशी वर, कोरड्या जागी राहिली म्हणजे इंग्रज तिला 'हाय अँड ड्राय' म्हणतो, आणि त्याचा अर्थ असा करतो की बिचारा मनुष्य निराधार होऊन पडला. ज्याची होडी आषाढात कोरडी आहे तो तोंडवलीत शहाणा समजला जातो. निराधार तो, ज्याची ओली राहिली. सबब विद्यार्थ्याने हा वाक्प्रचार पाठ करावा, पण नारळी पौर्णिमेपूर्वी उच्चारू नये.

'लर्निंग द रोप्स' म्हणजे नव्या कामाची रीत शिकणे. हा मात्र निर्वेधपणे चालतो, कारण रापणीच्या जाळ्याचा दोर धरून किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी ओढणाऱ्यांच्या रांगेत जो उभा राहिला, त्यास अर्थ सांगत बसावे लागत नाही. 'फिश आउट ऑफ वॉटर' याविषयी मात्र जाणत्या रापणकरांचा अभिप्राय प्रतिकूल आहे. परक्या मंडळींत अवघडून गेलेल्या मनुष्यास ही उपमा देतात असे त्यांस समजावून सांगितले असता, "मासो पान्याभायर इलो तर वाट्याक येता, तो लाजतलो कशाक?" असा प्रतिप्रश्न येतो, व त्याचे उत्तर कोणत्याही व्याकरणात सापडत नाही.

सर्वांत सावधगिरी बाळगावी ती 'समुद्रात मासे पुष्कळ आहेत' या वाक्प्रचाराविषयी. प्रेमभंग झालेल्या तरुणाचे सांत्वन करण्यासाठी इंग्रज तो योजतो. ज्याने तो प्रथम योजला त्याने पर्ससीन नौका पाहिली नसावी. अवाढव्य जाळ्याने थवेच्या थवे एका वेळी उचलणाऱ्या या नौका आणि किनाऱ्यावरून रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार यांच्यामधील तंटा आंदोलनांपर्यंत गेला, 2016 साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा हुकूम काढला, आणि हुकूम झाला म्हणजे अंमल झाला असे समजण्याइतके भोळे या किनाऱ्यावर कोणी उरलेले नाही. अशा गावातील निराश प्रेमिकास समुद्रात मासे पुष्कळ आहेत असे सांगणे म्हणजे त्याचे एक दुःख होते तेथे दोन करणे होय. अगदीच निकड भासल्यास 'होते' असा भूतकाळ वापरावा; सांत्वन होणार नाही, पण व्याकरण व वस्तुस्थिती या दोहोंचा मुलाहिजा राखला जाईल.

दशावताराच्या दिवसांत आणखी एक धोका संभवतो. रंगपटात शिरलेला हौशी पाहुणा तोंडाला रंग लावीत बसलेल्या संकासुरास 'ब्रेक अ लेग', म्हणजे तंगडी मोडून घे, असा आशीर्वाद देऊन मोकळा होतो. रात्रभर नाचून उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत उभे राहावयाचे असलेल्या नटास तंगडी मोडणे परवडत नाही, म्हणून दुभाष्याने हा आशीर्वाद स्वतःपाशीच तहकूब ठेवावा आणि नटास फक्त "बरा म्हणतत" एवढेच कळवावे.

आणि इतके करूनही पाहुण्याच्या वाक्याचा काहीच उलगडा होईनासा झाला, तर घाबरून न जाता, देवाला गाऱ्हाणे घातल्यावर सर्व मंडळी एकमुखाने म्हणतात तेच गंभीरपणे म्हणावे : "व्हय म्हाराजा!" पाहुणा तत्काळ वही काढून तो शब्दप्रयोग टिपून घेईल व अर्थ विचारील. त्यावेळी त्याला चहा द्यावा, आणि शिकवणीची फी खोलीभाड्यात धरावी की वेगळी, हे आधी ठरवून घ्यावे.