कोल्हापूर काय म्हणतंय?

अ‍ॅबिंग्डन, ऑक्सफर्डशायर
पाडव्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

चटणीचं पार्सल पोहोचलं. वाटेत कुणीतरी डबा उघडून पुन्हा चिकटपट्टी मारली होती. ज्याने उघडला त्याला दिवसभर शिंका आल्या असणार, चांगलं झालं.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "जावईबापूंची गाडी चालते का?" मी "हो, हो" म्हणून पोरांच्या शाळेचा विषय काढला, कारण तुमचे जावई शेजारीच बसले होते. आता सविस्तर लिहिते. इथल्या जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. "आज कशाने बंद पडली?" एवढंच विचारतात, तेही थर्मासातला चहा ओतता ओतता. नाही पडली, असं उत्तर आलं तर माणसं जरा हिरमुसतात आणि पुढच्याकडे वळतात.

गाडी १९७२ सालची एमजीबी. गर्द हिरवी, दोन सीटची. (आई, चौघांच्या घरात दोघांची गाडी कशाला, हे मीही विचारून झालंय. उत्तर मिळालं नाही.) ती जन्मली आमच्याच गावात. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा पाच लाखांवर गाड्या झाल्या, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. आपल्याकडे जुनी माणसं शाहू मिलच्या भोंग्याबद्दल बोलतात ना, तशी इथली माणसं अजून त्या कारखान्याबद्दल बोलतात. आणि बाबा, खरी गंमत पुढे आहे. तुमची अँबॅसिडर म्हणजे मुळात इथली, ऑक्सफर्डशेजारच्या काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हिचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली. गाडी घरी आणली त्या दिवशी ती सुरू झाली आणि मी हातातली पळी घेऊन अंगणात धावले. क्षणभर वाटलं, तुम्हीच उद्यमनगरातून टॅपेट सेट करून आलात.

आता मंडळींची ओळख करून देते. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका पबच्या आवारात ही सगळी जमतात. इथे माणसाला नाव नसतं, गाडी असते. मॉर्गनवाले आजोबा, ट्रायम्फवाले, रबरवाले, बेडूकवाल्या बाई. बेडूक म्हणजे १९५८ साली आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट. हिचे दिवे बॉनेटवर डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून इंग्रजांनीच तिला ते नाव दिलं. तिला डिकीला झाकण नाही. सामान सीट पाडून मागे हातभर आत खुपसावं लागतं. या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याइतका तिथे कुणाचाच हात चालत नाही आणि जीभही.

पहिल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा ट्रायम्फवाल्यांनी हात पाठीमागे बांधून आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "रंग उत्तम निवडलाय. गंज झाकून जातो."

तुमचे जावई पुण्याचे. ते शांतपणे म्हणाले, "तुमची टोपीही छान आहे."

त्या टोपीखाली काय नाही ते सगळ्या आवाराला माहीत होतं. मॉर्गनवाले आजोबा इतके हसले की त्यांचा चहा सांडला. आम्हाला सभासद करून घ्यायला त्यानंतर वेगळा अर्ज भरावा लागला नाही. इंग्रज माणूस परक्याशी फार नम्रपणे वागतो, हे मला इथे येऊन कळलंच होतं. ओळख मुरली की तो अपमान करायला लागतो, हे त्या दिवशी कळलं. पुण्याच्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही, आणि कोल्हापूरच्या माणसाला तर नाहीच. आपल्या गल्लीत जिवलग मित्राला कोणत्या शब्दांत हाक मारतात, ते मी इथे लिहीत नाही. पत्र आई आधी वाचते.

एमजी आणि ट्रायम्फ यांचं वैर तर पिढीजात. ट्रायम्फ कॉव्हेंट्रीची. १९६८ साली सरकारच्या आग्रहाने मोठमोठ्या कंपन्यांचं लग्न लावून ब्रिटिश लेलँड झाली आणि या दोन सवती एका घरात आल्या. एमजीवाल्यांचा ठाम समज असा की सासरी सगळा लाड ट्रायम्फचा झाला, पैसा तिच्यावर उडाला आणि आमची कुपोषित राहिली. तो राग अजून निघतो. आमच्या ट्रायम्फवाल्यांची टीआर-६ आहे, सहा सिलिंडरची, आवाज असा की पबच्या काचा थरथरतात. पण त्या गाडीचा पुढचा-मागचा भाग जर्मनीतल्या कार्मान कंपनीने नव्याने रेखला होता. त्यामुळे गाडी आवारात शिरली की कुणीतरी हमखास ओरडतं, "सांभाळा, जर्मन आले!" यावर ते हॉर्न वाजवतात. तो बहुतेक वाजत नाही.

मॉर्गन तर मॉल्व्हर्नला अजूनही बनते, आणि तिच्या पत्र्याखालचा सांगाडा अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा असतो. ऐकून मला खोटं वाटलं होतं, पण खरं आहे. मॉर्गनवाल्या आजोबांना प्रत्येक हिवाळ्यानंतर विचारतात, "वाळवी उठली का?" आजोबा म्हणतात, "वाळवीला चव असते. ती तुमच्या गंजलेल्या पत्र्याकडे ढुंकूनही बघत नाही." रबरवाल्यांची गाडी आमच्यासारखीच एमजीबी, फक्त उशिराची. अमेरिकेत टकरीचे नियम कडक झाले म्हणून १९७४ मध्ये चकचकीत क्रोमचे बंपर काढून काळ्या रबराचे बसवले आणि गाडी थोडी उचलली. झालं! क्रोमवाले आणि रबरवाले अशा दोन पोटजाती पडल्या. रोटीव्यवहार आहे, पण टोमणे मारल्याशिवाय नाही. रबरवाले बिचारे सांगतात, "मला निदान पार्किंगमध्ये ठोकायची भीती नाही." ते आवारात शिरताना उगीचच फुलांच्या कुंडीला हळूच टेकवून दाखवतात.

विजेच्या वायरिंगवरचे विनोद मात्र सर्वांचे सामाईक. या सगळ्या गाड्यांना दिवे-वायरी पुरवणारी बर्मिंगहॅमची एक जुनी कंपनी होती. तिचं नाव मी काढत नाही, इथे सगळे काढतातच. तिच्या संस्थापकाला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. यांचा एक सिद्धान्त असा की या गाड्यांच्या वायरींतून वीज नव्हे, धूर वाहतो. पुरावा? धूर बाहेर आला की गाडी बंद पडते. तेलाचंही तसंच. कुणाच्या घरी जेवायला गेलं तर आधी जाडसर पुठ्ठा बाहेर येतो, गाडीखाली घालायला. जिच्याखाली थेंब पडत नाही तिच्यातलं तेल संपलंय असं समजतात. आणि आता ४० वर्षांपुढच्या गाड्यांना रोड टॅक्स नाही, २०१८ पासून वर्षाची तपासणीही सक्तीची राहिली नाही. बाबा, आरटीओच्या दारात तुम्ही घालवलेले दिवस आठवून तुमचं रक्त उसळेल. बेडूकवाल्या बाई म्हणतात, "सरकारनेसुद्धा आशा सोडली."

या सगळ्यांत एकाची मला खरंच दया येते. त्याच्याकडे माझदाची एमएक्स-५ आहे. १९८९ साली जपान्यांनी या इंग्रजी गाड्यांवर जीव टाकून अगदी तशीच दोन सीटची, उघड्या टपाची गाडी काढली आणि तीत एक फरक केला, ती चालते. रोज, पावसात, थंडीत, पहिल्या किल्लीला. त्यामुळे या माणसाजवळ सांगायला एकही गोष्ट नाही. सगळे रंगात येऊन गॅस्केट उडाल्याच्या हकिकती सांगत असतात आणि हा कोपऱ्यात बिस्किट खात बसलेला असतो. एकदा तो फार आशेने म्हणाला, "माझा वायपर परवा जरा अडकला होता." कुणी मान वर केली नाही. पण मंडळाच्या प्रत्येक सहलीला त्याला आग्रहाने नेतात, कारण ओढून न्यायची दोरी त्याच्या डिकीत असते.

आता बर्फर्डची हकिकत. तुम्हाला त्यातली अर्धीच बाजू माहीत आहे.

बर्फर्ड हे कॉट्सवोल्डमधलं गाव. त्याचा मुख्य रस्ता म्हणजे सरळ उतार, दोन्ही बाजूंना दगडी दुकानं आणि फोटो काढणारे प्रवासी. आमची गाडी चढाला लागली आणि नेमकी मधोमध गप्प झाली. मागून येणाऱ्या मंडळींपैकी एकानेही पुढे जाण्याचा विचार केला नाही. पाच मिनिटांत बॉनेटमध्ये इतकी डोकी गेली की इंजिन दिसेना. ट्रायम्फवाले म्हणाले, कॉइल. रबरवाले म्हणाले, कॉइल नव्हे, पॉइंट्स. मॉर्गनवाले आजोबा म्हणाले, "गाडीला गाव आवडलंय, राहू द्या." एका जपानी प्रवाशाने सगळ्यांचा फोटो काढला, तेव्हा सर्वांनी वळून पोझ दिली. तुमचे जावई तोवर लाल झाले होते आणि मी तुम्हाला फोन लावला होता.

तुम्ही विचारलंत, "किल्ली फिरवल्यावर काही टकटक ऐकू येते का?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "मग सगळ्यांना सांग पुढून डोकी काढा. पेट्रोल येत नसेल. पंप बघा." मी ते इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. शांतता पसरली. हिचा पंप विजेवर चालतो आणि तो पुढे नाही, मागच्या चाकापाशी खाली असतो. बेडूकवाल्या बाई एक शब्द न बोलता रस्त्यावर गुडघे टेकून वाकल्या, पायातला बूट काढला आणि पंपाला दोन सणसणीत ठेवून दिल्या. टकटकटकटक सुरू झालं. गाडी चालू झाली. फुटपाथवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी बूट घालता घालता मान लववून त्या स्वीकारल्या.

तेव्हापासून बाबा, तुम्ही या मंडळाचे सल्लागार आहात. कुठल्याही वादात दोन तट पडले की कुणीतरी विचारतं, "कोल्हापूर काय म्हणतंय?" गेल्या रविवारी तर हवामानाबद्दलही विचारलं. सध्याचा वाद असा: तुमच्या अँबॅसिडरचं टॅपेट कव्हरचं कॉर्क गॅस्केट हिच्यावर बसेल की नाही? दोन्हीकडून चहाच्या पैजा लागल्यात. तेव्हा येताना उद्यमनगरातून एक आणाच, आणि काही बोलू नका. तोंडावर गांभीर्य ठेवून नुसतं टेबलावर ठेवा.

बाईंनी मलाही कामाला लावलंय. या गाडीला दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या, आणि दोन्ही फुसफुस एका सुरात येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तुमचे जावई दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काय ते करतात, पण त्यांना दोन फुसफुशींतला फरक कळत नाही. मला कळतो. बाई म्हणाल्या, "हिला कान आहे. याला नुसतं पाकीट आहे." तुम्ही मला लहानपणी बॉनेटपाशी उभं करून "ऐक, ऐक" म्हणायचात, ते आई म्हणायची तितकं वाया गेलं नाही.

ट्रायम्फवाल्यांचं थंडीत खुब्याचं ऑपरेशन झालं. नवा सांधा बसवला. मंडळाने सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवलं. त्यात लिहिलं होतं: "मूळ पार्ट काढून बाजारचा बसवलास, आता तुझी किंमत निम्मी." त्यांच्या बायकोने सांगितलं की भूल उतरल्यावर ते पहिल्यांदा हसले ते यावर. ते घरी पडून होते त्या काळात रबरवाले दर शनिवारी जाऊन त्यांच्या गाडीचं इंजिन गरम करून येत. एवढ्या तासाभरात शेजाऱ्यांकडे ट्रायम्फची काय काय निंदा केली, ते नंतर ट्रायम्फवाल्यांना सविस्तर सांगत. आमच्या चटणीचा डबाही मी पाठवला होता. निरोप आला, "सांधा मोकळा झाला, आता कार्बोरेटरवर वापरून बघतो."

आई, तुझ्या शंकेचं उत्तर आता देते. मे महिन्यात तुम्ही हीथ्रोला उतरलात की घरी कसे येणार? मी टॅक्सी सांगते म्हटलं तर मंडळाने ते मनावर घेतलं, म्हणजे अपमान मानला. रविवारी अर्धा तास चर्चा होऊन ठराव झाला तो असा. बाबा आमच्या गाडीत, पुढे, आणि त्यांनी इंजिन ऐकून अहवाल द्यायचा. तू मॉर्गनमध्ये, कारण आजोबा सगळ्यांत हळू चालवतात आणि त्यांना तुझ्याकडून चटणीची कृती हवी आहे. बॅगा आणि ओढायची दोरी माझदात. बेडूकवाल्या बाई सगळ्यांच्या मागे, पायात मजबूत बूट घालून. टप कुणीही चढवायचा नाही, पाऊस आला तरी. जो आधी चढवेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, हा इथला नियम आहे आणि पाहुण्यांना सूट नाही. तेव्हा कानटोपी आणि मफलर मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. बाबांचे दात घट्ट बसवून आणा, मॉर्गनला स्प्रिंगा फार कडक असतात... नाही, बाबा आमच्या गाडीत आहेत. मग तुझेच दात सांभाळ.

पोरं मजेत. धाकटा हल्ली गाड्या ओळखतो आणि रस्त्यात नवी गाडी दिसली की "ही रविवारी चालणार नाही" म्हणतो. समोरून जुनी गाडी आली की हात करतो आणि समोरूनही हात होतो. तेवढ्यावर त्याचा दिवस जातो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, गॅस्केट दोन आणा. एक पैजेसाठी, एक खरंच बसलं तर.