शेरीफची हद्द

परदेशस्थ स्थळाच्या फायलीत हल्ली एका कागदाची भर पडली आहे. पत्रिका, पगाराची पावती, व्हिसाची झेरॉक्स आणि त्यांच्यावर, मुलगा अमेरिकेत जिथे राहतो तिथल्या काउंटीच्या शेरीफचा दाखला: सदर इसमाच्या अटकेची नोंद आमच्याकडे नाही. निरंक. वधूपिते तो प्लास्टिकच्या फोल्डरात घालून बैठकीला आणतात आणि पोह्यांच्या बश्या यायच्या आत टीपॉयवर ठेवतात. वरपक्ष आधी गोरामोरा होतो. मग मुलाचे वडील चष्मा लावून, व्याह्यांनी परस्पर मागवलेला, आपल्याच चिरंजीवांबद्दलचा तो कागद वाचतात आणि चिरंजीवांच्या दहावीच्या निकालानंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर निखळ समाधान पसरतं. पसरू दे बिचाऱ्यांच्या.

मला त्या कागदातली फक्त शेवटची ओळ आवडते. बारीक टायपातली. ही माहिती केवळ या कार्यालयाच्या नोंदींपुरती आहे, असं ती सांगते. आपल्याकडे हेच वाक्य पोलीस चौकीच्या टेबलापलीकडून तोंडी मिळतं, "आमच्या हद्दीत येत नाही", आणि आपण पुढच्या चौकीकडे चालू लागतो. तिथे कळतं की नाल्याच्या अलीकडचं सगळं मघाच्याच साहेबांचं. अमेरिकेत हे लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून, टपालानं घरपोच येतं. याला आपण तिकडची सिस्टीम म्हणतो आणि हळहळतो.

आता जरा हद्दीचा हिशेब करू, कारण वधूपित्यांनी तो केलेला नसतो. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंटी आहेत. एकट्या टेक्सासमध्ये 254. बहुतेक ठिकाणी शेरीफ निवडणूक लढवून येतो, कमरेला पिस्तूल असतं आणि काउंटीचा तुरुंग त्याच्या ताब्यात असतो. (मुंबईच्या शेरीफवरून अंदाज बांधू नये. ते मानाचं पद. त्यांच्याकडे जास्तीत जास्त हार असे.) पण एवढा थोरला शेरीफ असूनही काउंटीत तो एकटा नाही. शहराचे पोलीस वेगळे, हमरस्त्यावर राज्याचे वेगळे आणि मोठ्या विद्यापीठांना तर घरचेच पोलीस. तेव्हा आपला नवरामुलगा शिकत असताना दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या आवारात पकडला गेला असेल, पहिल्या नोकरीच्या गावी भाडेकरूंच्या मारामारीत सापडला असेल आणि गेल्याच शनिवारी पिऊन गाडी हाकताना शेजारच्या काउंटीत रात्रभर आत बसला असेल, तरी आपले शेरीफसाहेब स्वच्छ मनानं लिहून देतील: निरंक. खोटं काहीच नाही. त्यांच्या हद्दीत मुलगा फक्त झोपतो आणि भाजी आणतो.

म्हणून खऱ्या चिकित्सक वधूपित्यानं एका काउंटीवर थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. फ्लोरिडापासून सुरुवात करावी. तिथला माहितीचा कायदा दिलदार आहे. अर्जदार कोण, कुठला, कागद कशाला हवा, हे साधारणपणे विचारत नाहीत. नक्कल एका पानाला 15 सेंट, पाठपोट असेल तर 20. चाळीस वर्षं सरकारी नोकरीत पाठकोऱ्या कागदांवर टिपणं लिहिलेल्या माणसाला यातली बचत वेगळी सांगायला नको. पुढे व्हर्जिनिया. तिथे गाडी अडते, कारण कागद मागायचा हक्क कायद्यानं व्हर्जिनियाच्या नागरिकांनाच दिला आहे आणि 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात काही गैर नसल्याचं सांगून टाकलं आहे. म्हणजे तिथे राहणारा मावसबहिणीचा जावई शोधणं आलं, त्याच्याशी मोडलेले संबंध जोडणं आलं, त्याच्या आईला साडी नेसवणं आलं. टेनेसीलाही हीच तऱ्हा, फक्त जावई दुसरा. अशा रीतीनं राज्यामागून राज्य सर करत दोनेक वर्षांत फाईल पुरी व्हावी. मग वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मात रकाने वाढतील. मंगळ: सौम्य. नाड: मध्य. टेक्सास: 254 पैकी 254 निरंक (पाठपोट). लुईझियानात काउंटी नसतात, पॅरिश असतात, तेव्हा तिथल्या निरंकाला पूर्ण गुण द्यावेत की अर्धे, यावर गुरुजींचा आणि मुलाच्या मामांचा वाद होईल. एखादं स्थळ केवळ डेलावेअरचं आहे म्हणून चढ्या भावानं जाईल, कारण तिथे सगळ्या मिळून काउंटी तीन आणि टपालखर्च कमी.

इथवर गंमत. दाखला निरंक आला नाही, की पुढचा प्रकार मला पाहवत नाही.

शहर पोलिसांनी पकडलेला माणूस बहुतेक ठिकाणी रात्री शेरीफच्याच तुरुंगात येतो. तेव्हा त्याचं नाव शेरीफच्या वहीत, त्यानं काय केलं याचा अहवाल शहर पोलिसांकडे आणि पुढे खटल्याचं काय झालं ते कोर्टाच्या क्लार्ककडे. खिडक्या तीन. वधूपिता पहिल्या खिडकीशी "अटक" एवढा शब्द वाचतो आणि घरी जातो. त्याच मुलाला कोर्टानं सोडून दिलं, सरकारी वकिलानं आरोपच मागे घेतला, पोलिसांनी पकडला तो माणूसच दुसरा होता, हे तिसऱ्या खिडकीत लिहिलेलं असतं. तिथवर कोणी जात नाही. टेक्सासच्या कायद्यानं तर या बाबतीत हद्दच केली आहे. तपासातून शिक्षा झाली नाही तर तपासाचे कागद पोलिसांना रोखून धरता येतात. कोणाला, कधी, कशासाठी अटक केली, ही मूलभूत माहिती मात्र रोखता येत नाही. पकडल्याची दवंडी पिटायची आणि का सुटला ते विचारलं तर कपाटाला कुलूप. कित्येक शेरीफ कार्यालयं तर कोणी मागायचीही वाट पाहत नाहीत. पकडलेल्याचा भिंतीपुढे उभा करून काढलेला, तारवटलेल्या डोळ्यांचा फोटो आपणहून इंटरनेटवर चढवतात. तो उचलून आपल्या वेबसाइटवर डकवायचा आणि काढून टाकायचे पैसे मागायचे, असा धंदाच तिकडे उभा राहिला. जॉर्जिया, फ्लोरिडासारख्या राज्यांना त्या वसुलीविरुद्ध कायदे करावे लागले. युटानं 2021 साली ठरवलं की दोषी ठरल्याशिवाय असा फोटो द्यायचा नाही. बाकी पुष्कळ ठिकाणी निर्दोष सुटलेला माणूस वकील लावून नोंद पुसून घेतो आणि फोटो कुठल्या तरी भलत्याच पानावर हसत असतो. आणि आमचे वधूपिते तो शोधून काढतात, मोठा करून पाहतात आणि म्हणतात, "उगीच का पकडतील?" यांच्या सख्ख्या भाच्यावर पार्किंगच्या भांडणातून गुन्हा दाखल झालेला असतो. ती केस खोटी. भाच्यावरच्या केसेस नेहमी खोट्याच असतात.

पण मुलीच्या बापानं चौकशी करूच नये, असं मी कसं म्हणू? अमेरिकेत नेऊन मारहाण केलेल्या, विमानतळावर सोडून दिलेल्या मुली आपल्या ओळखीपाळखीत आहेत. चौकशी करावीच. राग येतो तो निरंक वाचून निश्चिंत होणाऱ्या बापाचा. शेरीफच्या वहीत नोंद कशी होते? कोणी तरी 911 फिरवतं तेव्हा. नव्यानं गेलेल्या मुलीचा एच-4 व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला, बँकेचं खातं त्याचं, गाडी चालवायचं लायसन्स अजून झालेलं नाही, पासपोर्ट त्याच्या कपाटात. ती फोन कशी करेल? ती आईवडिलांना करते. तिच्याकडे तेव्हा रात्र असते आणि इथे वामकुक्षीची वेळ. आणि ज्या गृहस्थानं परक्या देशातल्या पोलिसांकडून होणाऱ्या जावयाचं चारित्र्य पानाला 15 सेंट मोजून मागवलं होतं, तोच अर्धवट झोपेत तिला सांगतो, "थोडं सांभाळून घे, पोलिसांपर्यंत जाऊ नकोस, त्याच्या ग्रीन कार्डाला अडचण येईल." शेरीफची वही कोरी राहते ती अशी. उद्या त्या जावयाचं दुसरं लग्न निघेल तेव्हा नव्या वधूपित्याला पत्र जाईल: निरंक. ती नोंद शेरीफनं लपवलेली नसते. जुन्या सासऱ्यानं होऊच दिलेली नसते.

तेव्हा शेरीफला त्रास देऊ नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे 18 डॉलर भरून आणि बोटांचे ठसे देऊन ज्याला त्याला स्वतःची गुन्ह्यांची नोंद मागवता येते, ती मुलालाच मागवायला सांगा. तीत अटक दिसली तर कोर्टाचा निकाल मागा आणि निकाल वाचल्याखेरीज तोंड उघडू नका. मुलीचा पासपोर्ट मुलीच्याच पर्समध्ये राहू द्या. एच-1बीवाल्याच्या एच-4 बायकोवर तो हात उचलत असेल, तर तिला कामाचा परवाना त्याच्या मदतीवाचून मागता येतो, हे तिला लग्नाआधी सांगून ठेवा. आणि भर दुपारी तिचा फोन आला, तर कुशीवर वळू नका. तिला 911 फिरवायला सांगा.