प्रलयानंतरची खळ

अल्फारेटातल्या आमच्या बेसमेंटमध्ये रोज रात्री जग बुडतं. चिरंजीव २०१५ सालचा 'फॉलआउट ४' हा व्हिडिओ गेम खेळतात. अणुयुद्धानंतरचं बॉस्टन. तिथे सोन्याला कोणी विचारत नाही, स्क्रूसाठी मात्र जीव टांगणीला! भंगारात टेबल फॅन दिसला की पोरगं हरखतं. मोडला की स्क्रू निघतात ना. खरा स्क्रू सोफ्याखाली गेला तर वाकणार नाही, ते सोडा.

परवा खेळातला डिंक संपला, स्वारी हवालदिल. मग तोडगा सापडला: तीन मक्याची कणसं, तीन मटफ्रूट, तीन टेटो आणि शुद्ध पाणी चुलीवर शिजवायचं, पाच डिंक हातात. सांगलीहून आलेली आई चष्मा सावरत म्हणाली, "अरे, ही तर खळ! पतंगाला आम्ही मैद्याची करायचो."

मग तिने पिशवी उघडली. सुतळी, रबरबँड, श्रीखंडाचे धुतलेले डबे, तीन सुटी बटणं. चिरंजीव बघतच राहिले. "आजी, तू कितव्या लेव्हलला आहेस?"

गॅरेजमधले दह्याचे रिकामे डबे मी शनिवारी टाकणार होतो. आता त्यांना हात लावायची मला बंदी आहे.