शेवटग्रस्त

पूरग्रस्त आणि धरणग्रस्त यांच्या याद्या सरकारदरबारी तरी असतात. शेवटग्रस्ताचं नाव कुठल्याच यादीत नाही. त्यामुळे आपली ओळख त्याला स्वतःच करून द्यावी लागते आणि ती तो भलत्या उत्साहानं करून देतो.

वय पस्तीस-चाळीस. अंगात काळी हुडी, छातीवर एका व्हिडिओ गेममधली ‘एन ७’ अशी अक्षरं, धुऊन धुऊन विटलेली. नोकरी बरी, तब्येत बेताची, स्वभाव गोड. २०१२ च्या मार्चमध्ये त्याच्यावर प्रसंग गुदरला. ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमच्या मूळ त्रयीचा तिसरा आणि शेवटचा भाग बाजारात आला, यानं रजा काढून तो पुरा केला, आणि तेव्हापासून गडी सावरलेला नाही. टोरांटोत, टेक्सासात, मँचेस्टरात तो सर्रास आढळतो. चिंचवडच्या आयटी कंपन्यांतही अधूनमधून दिसतो. कुठेही भेटला तरी पहिला प्रश्न ठरलेला. “तू खेळलायस का?”

नाही म्हणालात तर त्याचा चेहरा उजळतो. “अरे, मग नशीबवान आहेस! पहिला भाग खेळ. जुना वाटेल, पण खेळ. दुसरा तर खेळच खेळ. तिसरा…” इथे तो खिडकीबाहेर बघतो. “तिसराही खेळ. फक्त शेवटची दहा मिनिटं आली की मला फोन कर.”

हो म्हणालात तर मात्र तुमची संध्याकाळ गेली.

त्याचं दुःख समजायचं तर थोडा इतिहास पत्करावा लागतो, आणि तो सांगायला त्याला आवडतं. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं २००७ साली पहिला भाग काढला, २०१० मध्ये दुसरा. तुम्ही कमांडर शेपर्ड, पुरुष किंवा बाई, तुमच्या मर्जीनं. नॉर्मंडी नावाचं यान, त्यावर नाना ग्रहांवरची मंडळी, आणि आकाशगंगेतली सगळी प्रगत जीवसृष्टी कापून काढायला निघालेली रीपर नावाची अजस्र यंत्रं. खरी गंमत अशी की पहिल्या भागात घेतलेले निर्णय दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात बरोबर यायचे. पहिल्यात कुणाला मारलंत, कुणाला जीवदान दिलंत, कुणाशी सूत जमवलंत, सगळ्याची नोंद. शेवटग्रस्तानं त्या नोंदी तीन कॉम्प्युटर बदलूनही जपल्या आहेत. स्वतःच्या दहावीची गुणपत्रिका कुठे आहे ते त्याच्या आईला विचारावं लागतं.

आणि मग शेवट. एवढ्या निर्णयांचं ओझं वाहून आलेल्या शेपर्डला एक लहान मूल भेटतं, म्हणजे मुलाच्या रूपातलं काहीतरी, आणि ते तीन वाटा दाखवतं. लाल, निळी, हिरवी. रीपर नष्ट करा, ताब्यात घ्या, किंवा सजीव आणि यंत्र यांचा मिलाफ करा. कुठलीही वाट धरली तरी पडद्यावर स्फोट तोच, यान पळतं तेच, जंगलात आदळतं तेच. फरक मुख्यतः रंगाचा. बरं, गेमचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी दोनच महिने आधी मुलाखतीत सांगितलं होतं, की ‘अ, ब, क’ छापाचा शेवट यात नसेल. शेवटग्रस्ताला ती मुलाखत मुखोद्गत आहे. बायकोच्या वाढदिवसाची आठवण त्याला फोन करून देतो.

“आणि मला सांग,” तो आवाज खाली आणतो, “जी माणसं शेवटच्या लढाईत लंडनमध्ये माझ्या शेजारी लढत होती, ती पाच मिनिटांत त्या यानात कशी पोचली?”

इथे त्याला उत्तर देऊ नये. उत्तर नको असतं, श्रोता हवा असतो. अर्थात प्रश्न रास्त आहे, हे मलाही मान्य करावं लागतं. शिवाय सगळं संपल्यावर एका म्हाताऱ्याचा आवाज शेपर्डच्या दंतकथेबद्दल बोलतो. हा आवाज साक्षात बझ ऑल्ड्रिन यांचा. चंद्रावर चालून आलेला माणूस आणला, आणि त्याच्या पाठोपाठ पडद्यावर सूचना झळकवली, की ही दंतकथा वाढवायची असेल तर पुढचा मजकूर डाउनलोड करा! हरिपाठ संपता संपता बुवांनी विम्याचे फॉर्म वाटावेत, तसा प्रकार. माणूस भडकेल नाही तर काय.

भडकला, पण त्याचं भडकणंही त्याच्यासारखंच कष्टाळू. एकानं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे फसव्या जाहिरातीची तक्रार दाखल केली. बाकीच्यांनी वर्गणी काढून बायोवेअरच्या कचेरीत सुमारे ४०० कपकेक पाठवले: लाल, निळे, हिरवे, वर अ, ब, क अशी अक्षरं, आणि आत सगळ्यांची चव एकच, व्हॅनिला. इतका गोड निषेध एडमंटनला पुन्हा झाला नसावा. कंपनीनं ते बेघर मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. आंदोलनाच्या नावानं आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला ८०,००० डॉलरच्या वर देणगी गेली. त्यात काहींचा समज असा झाला, की पैसे नव्या शेवटासाठी आहेत! शेवटी ही जमवाजमव थांबवावी लागली. रागाच्या भरात इतकं पुण्य क्वचितच कुणाच्या पदरी पडलं असेल.

ज्यांना राग झेपला नाही, त्यांनी सिद्धान्त काढला. तो असा: शेवट खोटाच आहे. शेवटच्या धावेत शेपर्ड जखमी होतो, रीपर त्याच्या मनाचा ताबा घेतात आणि पुढचं सगळं त्याच्या डोक्यात घडतं. पुरावे? शेपर्डला आधी पडणाऱ्या स्वप्नांतली झुडपं तिथेही दिसतात. पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत. आणि भरपूर सैन्य जमवून लाल वाट धरली तर अगदी शेवटी ढिगाऱ्यात कुणीतरी श्वास घेतं. त्या एका श्वासावर याच्या जातभाईंनी तासातासाचे व्हिडिओ केले. लेखकांना सुचलं नसेल इतकं यांना सुचलं, आणि श्रेय मात्र त्यांनी लेखकांनाच दिलं. “ते इतके मूर्ख नाहीत रे,” शेवटग्रस्त कळवळून सांगतो. कंपनीवर इतका विश्वास तिच्या भागधारकांचाही नसेल.

शेवटच्या धावेत वाट अडवणाऱ्या एका किरकोळ शत्रूला तर त्यांनी हुतात्मा केलं. त्याच्या डोक्यावर ‘मरॉडर’ अशी पाटी आणि जोडीला ढालीची पट्टी, म्हणून नाव ठेवलं ‘मरॉडर शील्ड्स’. त्या बिचाऱ्यानं आपल्याला शेवटापासून वाचवायचा प्रयत्न केला आणि आपण त्यालाच गोळ्या घातल्या!

गेमच्या लेखकांनी मात्र शेवटग्रस्ताला आधीच ओळखलं होतं. पहिल्या भागापासून त्यात कॉनराड व्हर्नर नावाचं एक पात्र आहे, शेपर्डचा निस्सीम भक्त. दुसऱ्या भागात प्रोग्राममधल्या चुकीमुळे तो म्हणतो, की शेपर्डनं माझ्या तोंडावर पिस्तूल रोखलं होतं, मग तुम्ही त्याच्याशी कितीही प्रेमानं वागलेले असा. तिसऱ्या भागात तो त्या आरोपाबद्दल माफी मागतो. शेवटग्रस्ताला हे पात्र फार आवडतं. का, ते मी त्याला विचारलेलं नाही.

कंपनी नमली. २०१२ च्या जूनमध्ये वाढीव शेवट फुकट दिला. यानाचा खुलासा केला, सोबत्यांचं पुढे काय झालं ते दाखवलं, जाहिरातीच्या जागी आभार मानले. वर चौथी वाटही दिली: तिन्ही पर्याय नाकारा. नाकारलं की रीपर जिंकतात आणि सगळे मरतात. “बघ,” शेवटग्रस्त म्हणतो, “मला उद्देशून आहे ते.” पहिल्याच दिवशी त्यानं तीच वाट धरली होती.

२०२१ च्या मे महिन्यात तिन्ही भाग नव्यानं सजवून एकत्र विकायला काढले. शेवट बदललेला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आगाऊ पैसे भरले.

यानंतर त्याच्यापुढे नवंच संकट उभं राहिलं. ऑफिसात नुकताच लागलेला एक पोरगा त्याच्या आग्रहावरून तिन्ही भाग खेळला. या नव्या आवृत्तीत वाढीव शेवट आधीपासूनच घातलेला. ठरल्याप्रमाणे पोरानं फोन केला, पण शेवटची दहा मिनिटं संपल्यावर. “दादा, झाला. छान होता की शेवट!”

फोनवर बराच वेळ शांतता. मग शेवटग्रस्तानं त्याला रविवारी घरी बोलावलं, चहा पाजला, मोठ्या पडद्यावर २०१२ चा मूळ शेवट लावला, तिन्ही रंगांचा, एकापुढे एक. मधे मधे थांबवून यान दाखवलं, झुडपं दाखवली, शेवटची जाहिरातही दाखवली. पोरगा गप्प झाला.

“हा म्हणजे… वाईटच आहे हो दादा.”

“आहे ना?” त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. “चल, पहिला भाग लाव. या वेळी बाई घेऊन खेळ.”