दोन मिनिटांचा एक फोटो

रस्त्याच्या कडेला तीन पायांवर यंत्र उभं करून एक डोळा मिटलेला माणूस दिसला, की पुण्यात त्याचा एकच अर्थ होतो : रस्तारुंदी. आपली कंपाउंडची भिंत गेली! मी तिथे आधुनिक इमारतींचे लाँग एक्स्पोजर फोटो काढायला उभा असतो, हे कुणाच्या गळी उतरत नाही. इमारतीचा फोटो म्हटलं की लोक एकवेळ ऐकून घेतात. एका फोटोला दोन मिनिटं लागतात म्हटलं, की हा माणूस सरकारी आहे याबद्दल त्यांची खात्रीच पटते.

वास्तविक यात गूढ काही नाही. आधी चौकट ठरवायची, फोकस करायचा, आणि मग लेन्सपुढे जवळजवळ काळीकुट्ट काच बसवायची. आधी काच बसवली तर काहीच दिसत नाही. ही काच म्हणजे दहा स्टॉपचा एनडी फिल्टर; तो उजेड हजारपट कमी करतो. एरवी 1/125 सेकंदात उरकणारा फोटो मग आठ सेकंद घेतो. ॲपर्चर बारीक केलं आणि उन्हं उतरायची वाट पाहिली, की दोन मिनिटं सहज. तेवढ्यात ढग आभाळभर ओढले जातात आणि तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखे दिसतात. खालची चालती माणसं फोटोतून नाहीशी होतात. उरते नुसती इमारत. आर्किटेक्ट मंडळींना हा प्रकार प्रिय का, ते उघड आहे. त्यांच्या मनातल्या इमारतीत आपण नसतोच. आपण मागाहून राहायला जातो, ग्रिल बसवतो आणि टॉवेल वाळत घालतो. (वारा असेल तर टॉवेल पुसट येतो. ग्रिल मात्र कुठल्याही फिल्टरने जात नाही.)

माझी लाडकी वास्तू म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली, चार्ल्स कोरियांनी घडवलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. माझ्या फिल्टरला कुणीतरी तोलामोलाचं भेटलं! आत कुंडाच्या काठी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. दोन मिनिटं न हलणारी आणि चकार शब्द न बोलणारी चार माणसं पुण्यात एका जागी मिळणं दुर्मीळच. चौघंही बाहेरगावचे आहेत, याची नोंद घ्यावी.

बाकी ठिकाणी एवढं नशीब नसतं. बाणेरला एका काचेच्या आयटी टॉवरसमोर शटर उघडलं न उघडलं, तोच कानटोपीतले एक आजोबा हात मागे बांधून पुढ्यात येऊन उभे राहिले.

"किती फुटांचा होणार?"

"आजोबा, फोटो काढतोय. त्या काचेच्या बिल्डिंगचा."

"तेच म्हणतो मी. ती वाचणार आणि आमची सोसायटी जाणार."

पाठोपाठ वॉचमन आला. "साहेब, परमिशन?" मी म्हटलं, रस्त्यावर उभा आहे. त्यावर विचार करायला म्हणून तोही थांबला, नेमका आजोबांच्या शेजारी. शटर मिटलं तेव्हा पडद्यावर काय होतं? बस, रिक्षा, ऑफिस सुटल्यावरची सगळी झुंबड गायब. स्वच्छ, निर्मनुष्य रस्ता, मागे टॉवर, आणि मधोमध कानटोपीच्या विणीसकट स्पष्ट आलेले आजोबा.

मला राग आला नाही, कारण याला घराणं आहे. 1838 साली फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलेव्हार द्यु ताम्प्लचा फोटो घेतला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. रस्ता वर्दळीचा, पण घोडागाड्या, माणसं, सगळं पुसलं गेलं. दिसतो तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. इतिहासात जायला घाईत नसणं पुरतं. आमच्या आजोबांची पात्रता त्याहून कांकणभर अधिकच; ते बूटही पॉलिश करून घेत नव्हते.

दोन मिनिटांचं कौतुक तरी किती करायचं म्हणा. मिखाएल वेसेली या जर्मन छायाचित्रकाराने न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाचं नवं बांधकाम टिपायला 2001 साली कॅमेरे लावले आणि काहींचं शटर जवळजवळ तीन वर्षांनी मिटलं. पाडलेलं आणि बांधलेलं, दोन्ही एकाच चित्रात एकमेकांच्या आरपार दिसतं. त्या गृहस्थांना आमच्या विद्यापीठ चौकात आणायला हवं होतं. तिथला जुना उड्डाणपूल 2020 साली पाडला आणि मग त्याच जागी नवा दुमजली पूल चढला. वेसेलींच्या फोटोत जुना पूल धूसर आला असता, नवाही धूसर. चौकात अडकलेल्या गाड्या तेवढ्या नंबरप्लेटसकट वाचता आल्या असत्या.